आधी बायकोचं रक्त तपासायचं

"थांबा! सेंट लावून आत यायचं नाही."

तो दारातच खिळला. आमच्या टेस्ट ट्यूब बेबी केंद्राच्या प्रयोगशाळेतलं हवा गाळायचं यंत्र बिघडलं होतं, आणि ते दुरुस्त करायला आलेला हा इंजिनियर नवरदेवासारखा घमघमत होता. काचेच्या बशीत वाढणाऱ्या इवल्या गर्भांना असले वास सोसत नाहीत. त्यांची राखण हे माझं काम, आणि त्यात मी कुणाची भीड ठेवत नाही.

"मग काय करू?"

"आंघोळ!"

पठ्ठ्या खरंच घरी जाऊन आंघोळ करून आला. केसांतून पाणी निथळतंय, चेहरा शहाण्या मुलाचा... मला हसू आवरेना.

मग ते यंत्र वरचेवर बिघडायला लागलं. बिघाड फक्त त्यालाच दिसायचा, आणि मीही खोलात शिरत नव्हते. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, कळलंच नाही. मी पुरती प्रेमात पडले होते.

एका दुपारी कँटीनमध्ये तो चहा न पिता नुसताच कप फिरवत बसला.

"एक सांगायचंय... दादाला मूल होईना, तेव्हा तपासण्या झाल्या. दोष जनुकांतला निघाला. मग डॉक्टरांनी मलाही तपासलं. माझंही तेच — बीज तयार होतं, पण ते बाहेर यायची नळीच जन्मापासून नाही." त्याने मान खाली घातली. "तुला आई व्हायचंय, ठाऊक आहे मला. म्हणून... आपण इथंच थांबू या."

जित्याची खोड! रोज जोडप्यांना समजावणारी जीभ आपोआप सुरू झाली.

"त्यात थांबायचं काय? सुईने बीज काढतात, एकेका स्त्रीबीजात एकेक सोडतात. फक्त आधी बायकोचं रक्त तपासायचं. तिच्यातही तोच दोष दडलेला असला, तर बाळाला आजार होऊ शकतो. मी उद्या सकाळीच देते."

"काय देतेस?"

"रक्त —"

मी जीभ चावली. कान तापले.

"अगं," तो हळूच म्हणाला, "मी अजून विचारलंसुद्धा नाही."

"मग विचार की!"

तो हसला... आणि हसता हसता गंभीर झाला. "एवढं करूनही नाहीच झालं तर?"

हा प्रश्न मी रोज ऐकते. त्याचं ठरलेलं उत्तरही आहे, पण आज ते मी बाजूला ठेवलं. मी त्याचा हात घट्ट धरला.

"तर मी खूप रडेन. पण मला तुझ्याच कुशीत रडायचंय."