अर्ध्या चहाची बशी

चूक माझीच होती. म्हणजे सवयीची होती, पण सवय माझीच.

दर गुरुवारी लोणावळ्याच्या बंगल्यांत अंडी विकून मी दुपारच्या गाडीने मळवलीला उतरायची आणि तिथून चालत भाज्याला, घरी. गाडीला वेळ असला की फलाटावर एक कप चहा घ्यायची. आमचे धनी रेल्वेच्या गँगमध्ये होते. त्यांचं नाव घेत नाही, आमच्यात घेत नाहीत. चहाची चटक त्यांनीच लावली. एका कपात दोघं. मी कपातून, ते बशीतून फुर्र करून.

ते तापाने गेले, त्याला चार वर्षं झाली होती. रडून झालं होतं. सकाळी जरा उशिरा उठणं, भाकरीबरोबर हवा तेवढा ठेचा आणि गुरुवारचा चहा, एवढ्यावर माझं बरं चाललं होतं.

त्या दिवशी मी बशीत अर्धा चहा ओतला आणि न बघताच बशी उजवीकडे पुढे केली.

कुणीतरी ती घेतली. फुर्र... असा आवाजही आला.

मी दचकून वळले. लाल पागोटं, पायाशी रिकामी पाटी, अंगाला मेथीचा वास.

"अवं पाव्हणं! माजा चहा—"

"तुमीच तर दिला," तो शांतपणे म्हणाला. "कुणी दिल्यालं न्हाई म्हनू न्हाई, असं आमची आई सांगायची."

"तुमाला न्हाई दिला."

"मग कुणाला?"

मला खरं सांगावं लागलं. धोतराच्या सोग्याने बशी पुसून त्याने दोन्ही हातांनी परत दिली.

"माजी शालूबाई जाऊन दोन वर्सं झाली," तो म्हणाला. "मी अजून दोन ताटं वाढतो. दुसऱ्या ताटातलं कुत्रं खातं... लय माजलंय."

मला हसू आलं. चार वर्षांत फलाटावर मी पहिल्यांदाच हसले असेन.

त्याचं नाव महिपती. इंदुरीचा. मेथी विकायला लोणावळ्याला यायचा आणि त्याच गाडीने तळेगावला उतरायचा. पुढच्या गुरुवारी चहा त्याने घेतला. कप मला दिला, बशी आपल्याकडे ठेवली.

"बशी आता माजी ठरली."

"कुणी ठरवली?"

"चुकीनं."

"चूक एकदाच व्हती."

"म्हंजी आता मुद्दाम म्हना की..."

मी कपात तोंड घातलं. चहाने जीभ भाजली. चहाच होता, दुसरं काही नाही, असं मी गाडीत बसल्यावर स्वतःला सांगितलं. मळवली येईपर्यंत सांगत होते.

असे सात-आठ गुरुवार गेले. बुधवारी संध्याकाळीच मी लुगडं धुऊन वाळत घालायला लागले. माझ्या सासूबाई झुंबरबाई ते बघायच्या. थंडी पडली. एका गुरुवारी फलाटावर इतकं धुकं होतं की गाडी दिसायच्या आधी ऐकू आली. तेवढ्यात महिपतीने विचारलं, "पाट लावता का माज्याशी?"

"गाडी आली," मी म्हणाले. आणि चढले.

घरी सासूबाईंना सांगितलं. आमच्यात विधवेला पाट लावून दुसरं लग्न करता येतं, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. त्या तांदूळ निवडत होत्या.

"जा बाई. माजी ना न्हाई. पर रीत ठावं हाय न्हवं? पाट लावणारी पयल्या दाल्ल्याचं कायबी संगं नेत न्हाई. आन् तितं गेल्यावर गळ्यात सवतीचा टाक बांधावा लागल."

ठाऊक होतं. मेलेल्या सवतीचा टाक, म्हणजे तिची मूर्ती ठोकलेला चांदीचा पत्रा, दुसरीने गळ्यात घालायचा, म्हणजे तिचा मान राहतो. त्याला माझी हरकत नव्हती. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढच्या गुरुवारी मी महिपतीला सगळं बोलून टाकलं. "तुमच्या शालूबाईला मी गळ्यात घालीन. पर माजा माणूस मी कुटं ठिऊ? तुमच्या घरात त्याला जागाच न्हाई. असं असल तर मी हितंच बरी."

महिपतीने बशी बाकावर ठेवली आणि विचारलं, "मिशी कशी व्हती त्यांची?"

"काय?"

"मिशी. लांब, का तोकडी?"

मी जिवाचं सांगत होते आणि हा मिशी विचारत होता! "लांब व्हती," म्हटलं आणि उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसले.

पुढच्या गुरुवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी कप प्याले, बशीही प्याले. बशीतला चहा गार झाला होता. संपलं, असं वाटलं, आणि वाटलं तेव्हा फार वाईट वाटलं. ते मी कुणाला सांगितलं नाही.

तिसऱ्या गुरुवारी तो आला. कमरेची पुरचुंडी सोडून त्याने बाकावर दोन टाक मांडले. एकावर पदर घेतलेली बाई. दुसऱ्यावर घोडेस्वार, हातात तलवार, आणि मिशी घोड्याच्या कानापर्यंत.

"तळेगावच्या सोनाराचा घोड्याबिगर ठसाच न्हाई," महिपती ओशाळून म्हणाला. "मिशी तेवडी सांगून करून घेतली. तीन खेपा घातल्या. तुमी तिला गळ्यात घाला... मी ह्यांला घालतो."

"पुरुषानं टाक घालायची रीत न्हाई."

"न्हवती," तो म्हणाला. "आता हाय."

आमचे धनी टांग्याच्या घोड्याला बघून रस्ता सोडून शेतात उतरायचे. ते आता घोड्यावर बसले होते! मी हसले, हसता हसता डोळे भरले, आणि दोन्ही मला थांबवता येईना.

मी चहा घेतला. बशीत अर्धा ओतला आणि नीट बघून पुढे केली. महिपतीने ती आधी टाकासमोर धरली. "घ्या कोंडाजीराव," म्हणाला. धन्यांचं नाव त्याने गँगवाल्यांना विचारून काढलं होतं. मग प्याला.

"पाट कवा लावायचा?" मीच विचारलं.

आता मी महिपती हे नाव घेत नाही. आमच्यात घेत नाहीत. इथे घेतलं, ते तुम्हाला गोष्ट कळावी म्हणून.