रामनाथचं वळण

नारायणगावच्या स्टँडबाहेर नऊ बाया नऊ पिशव्या सांभाळत उभ्या होत्या, आणि ठरवलेली गाडी काही येत नव्हती. जुन्नरच्या पश्चिमेला, पार डोंगराच्या माथ्यावर कोंढारवाडी आहे, तिथल्या बचत गटाच्या या बाया. निघाल्या होत्या महाबळेश्वर-पाचगणीला. गोऱ्या साहेबांनी वसवलेल्या त्या थंड हवेच्या गावांत पाहुणे का जातात, काय खातात, कुठे निजतात ते बघायचं आणि मग आपल्या वाडीत पाहुणेघर काढायचं की नाही ते ठरवायचं. खटपट सगळी सेक्रेटरी प्रतिभाची. पुण्यातली नोकरी सोडून ती याचसाठी डोंगरावर परतली होती. दोन चांगली स्थळंही तिनं याचसाठी नाकारली होती. लग्न करून खाली जायचं नाही, हा तिचा हट्ट.

तेवढ्यात एक पांढरी टेम्पो ट्रॅव्हलर पुढ्यात थांबली. कुठलं तरी वऱ्हाड सोडून रिकामी निघालेली, काचेवर अजून झेंडूची माळ होती. खिडकीतून एक सावळा, हसरा चेहरा बाहेर आला.

"कुठं निघालाय, मावशी?"

"महाबळेसरला," कोंडाबाई म्हणाली. सत्तरी गाठलेली कोंडाबाई गटातली सगळ्यांत थोरली. "नेतो का?"

"मी वारूळवाडीला चहा प्यायला चाललो व्हतो."

"मग चहा पिऊन चल. आमी काय पळून जातो?"

तो रामनाथ. राजुरीचा, घरची बागायत, पण जीव सगळा या गाडीत. भाडं ठरलं, बाया चढल्या, आणि प्रतिभाला मधल्याच सीटवर जागा मिळाली… बरोबर आरशासमोर.

खंबाटकी घाट येईस्तोवर तिनं तीनदा नजर चुकवली. चौथ्यांदा म्हणालीच, "ड्रायव्हरसाहेब, आरसा मागचा रस्ता बघायला असतो."

"रस्ताच बघतोय की, सेक्रेटरीबाई. रस्त्याच्या आड कुणी बसलं तर मी काय करू?"

मागं आठ पदर आठ तोंडांवर गेले.

महाबळेश्वरात पोचल्या तेव्हा धुकं इतकं होतं की पॉइंटपेक्षा पाट्याच जास्त दिसत होत्या. विल्सन पॉइंट, आर्थर सीट… कोंडाबाई एकेका पाटीखाली उभी राहून वाचून घ्यायची.

"हा विल्सन कोण व्हता? इथं गुरं राखायचा का?"

"साहेब व्हता, आजी. हवा खायला यायचे सगळे," रामनाथ म्हणाला.

"हवा खाऊन नाव लागतं व्हय? मग आख्ख्या कोंढारवाडीला माझंच लागाया पायजे."

दुसऱ्या दिवशी पाचगणीच्या पठारावर बाया स्ट्रॉबेरी खात बसल्या. प्रतिभा मात्र खात नव्हती. रेलिंगं, घोडे, हॉटेलांच्या रांगा… आपल्याकडे यातलं काय आहे? रामनाथ दोन कप चहा घेऊन आला आणि एक तिच्या हातात देत म्हणाला, "तोंड का उतरलं? खरं सांगा, तुमच्याकडं बघण्यासारखं काय हाय?"

तिनं मान वर केली. डोळ्यांत एकदम काहीतरी पेटलं.

"येसूचा कडा आहे. येसूनं तिथं बिबट्याच्या तोंडातून वासरू सोडवलं. ठकूचं पाणी आहे. दुष्काळात ठकूनं खडक फोडून झरा मोकळा केला, तो अजून वाहतो. आमच्यात पाटी लावून नाव देत नाहीत. ज्यानं जिथं घाम गाळला, त्याचं नाव त्या जागेला पडतं."

रामनाथ चहा प्यायचा विसरला. मग हळूच म्हणाला, "मग… आमच्यासारख्याचं नाव कधी पडायचं?"

"गाडीत बसणाऱ्याचं पडत नाही, ड्रायव्हरसाहेब."

हे त्याला लागलं बहुतेक. कारण परतताना तो नारायणगावला थांबलाच नाही. "वाडीत सोडतो," म्हणाला.

कोंढारवाडीच्या घाटात तिसरं वळण वाईट, उभा चढ आणि सुटा मुरूम. तिथली रीत अशी की सगळ्यांनी उतरायचं, एकानं दगड घेऊन चाकामागं चालायचं, मग गाडी चढवायची. प्रतिभानं तसं सांगितलंही.

"बसा हो. माळशेज माझा रोजचा हाय," तो म्हणाला.

गाडी वळणावर घसरली, चाक मुरमात फिरत राहिलं, क्लचचा जळका वास सुटला. कोंडाबाई शांतपणे उतरली. "पावणं, माळशेज तिकडं ऱ्हायला. हा आमचा घाट हाय."

बायांनी रेटा दिला, प्रतिभानं चाकामागं दगड लावले, गाडी निघाली. पण रामनाथ काही निघेना. त्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि ओढ्यातून दगड आणून त्या चाकोरीत बसवायला लागला. उन्हं कलेपर्यंत बसवत राहिला.

"आता कशाला?" प्रतिभा म्हणाली. "गाडी तर निघाली."

"तुमच्या पाहुण्यांच्या गाड्या येतील ना," तो वर न बघता म्हणाला.

तिनं पदर खोचला आणि त्याच्या शेजारी दगड बसवायला लागली. एक मोठा धोंडा दोघांनी मिळून उचलला, तेव्हा बोटांना बोटं लागली आणि… धोंडा जरा जास्तच वेळ अधांतरी राहिला.

"रामनाथचं वळण," कोंडाबाईनं वरून जाहीर केलं. "ठरलं."

पाहुणेघरही ठरलं. त्या वर्षात हातसडीचा भात, नाचणीची भाकरी आणि येसूच्या कड्यावरची संध्याकाळ यांच्यापायी माणसं येत गेली. निम्मी रामनाथच घेऊन यायचा. सगळी वाडी 'रामनाथचं वळण' म्हणायची, फक्त प्रतिभा 'ते तिसरं वळण' म्हणायची. बाया खुसखुसत. नाव घ्यायला लाजणाऱ्या पोरीचं काय ते त्यांना कळत होतं.

एका संध्याकाळी कड्यावर तो म्हणाला, "आई विचारती, पोरगी राजुरीला कधी येणार?"

प्रतिभानं मान फिरवली. "मी… खाली नाही येणार."

"तेच सांगितलं मी. म्हनलं, ती न्हाई येणार, मीच जाणार. राजुरीत माझ्या नावाचा साधा बांध न्हाई, सगळं आबांच्या नावावर. तिकडं आख्खं वळण हाय." तो हसला. "फक्त… जिच्या तोंडून नाव ऐकायचंय, ती घेत न्हाई."

ती उठून गेली.

पुढच्या रविवारी गाडी आली ती त्याच्या आईला घेऊन. सरूबाई, राजुरीची भारदस्त बाई, नाकात नथ. वळणावर गाडी थांबली, रीतीप्रमाणं त्याही उतरल्या. प्रतिभा आणि कोंडाबाई समोर आल्याच होत्या. सरूबाईंनी स्वतः एक दगड उचलला, चाकामागं धरून चालल्या, आणि माथ्यावर येऊन दम खात मागं वळून बघितलं. घट्ट बसवलेला तो दगडी रस्ता उन्हात चमकत होता.

"लई चांगलं काम केलंय. काय म्हनतात गं ह्या जागेला?"

कोंडाबाई बोलणार होती, पण थांबली. पदर तोंडाला लावून तिनं प्रतिभाकडं बघितलं. गाडीचं इंजिनही बंद झालं.

प्रतिभानं पदर सावरला, मान ताठ केली, आणि स्टिअरिंगवर हात ठेवून श्वास रोखून बसलेल्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"रामनाथचं वळण."