पुसायला लागलेले अडीच तास

बुधवारी सकाळी सात वाजता लाई रुईयिनचा फोन आला, तेव्हा खांग बाई दात घासत होत्या.

"बाई, माझी साइट गेली."

"गेली म्हणजे? उघडत नाही?"

"उघडते. आत काही नाही. नुसतं पांढरं पान."

बाईंनी घाईघाईने चूळ भरली. "फोन बंद करून चालू केलात?"

"केला. शेजारणीच्या फोनवरही पाहिलं. बाई, परवा सुनावणी आहे हो!"

सुनावणी कसली हे तुंगशी गावात कोणाला सांगावं लागत नव्हतं. नाल्यापलीकडे धातूला मुलामा चढवणारा कारखाना होता आणि त्याचं सांडपाणी नाल्यात यायचं. त्याचा परवाना शुक्रवारी दहा वर्षांसाठी वाढणार होता, आणि त्याला आडवी आलेली एकच बाई होती, रुईयिन. वय सहासष्ट, जन्म कालवं फोडण्यात गेलेला. दोन वर्षांपूर्वी तिचे कालवं वाढवायचे अकरा ताफे, म्हणजे पाण्यातले तराफे, आठ-दहा दिवसांत मेले. सात उरले होते. नाल्याचं पाणी असंच येत राहिलं तर तेही जाणार होते. ती रोज ओहोटीला नाल्याच्या तोंडाशी जाऊन पाण्याचा एक फोटो काढायची आणि 'आजचं पाणी' नावाच्या आपल्या साइटवर टाकायची. अशी जवळजवळ चार वर्षं.

हे सगळं तिला शिकवलं होतं खांग बाईंनी. गावच्या लोकविद्यालयात त्या नवशिक्यांना वेबसाइट शिकवायच्या. वर्गात निवृत्त लोक, दुकानदार, एक न्हावी. 'माऊसने डबल क्लिक' यातच पहिले दोन आठवडे जायचे. बाई चिडायच्या, पण कोणाला सोडायच्या नाहीत.

"फोटो फोनमध्ये असतील ना?" बाईंनी विचारलं.

"फोन भरला की पुसते मी. तुम्हीच म्हणाला होतात, दोन ठिकाणी ठेवा. होते की दोन ठिकाणी. साइटवर आणि तुमच्या वर्गातल्या कपाटात."

बाईंनी ब्रश ठेवला आणि लॅपटॉप उघडला.

घरूनच त्यांनी पहिली गोष्ट पाहिली ती साइटचा पत्ता. पत्ता भाड्याचा असतो. वर्ष संपलं आणि नव्याने घ्यायला विसरलं की गेला. बहुतेक नवशिक्यांचं रडगाणं तिथेच सुरू होतं. पण रुईयिनचा पत्ता तिच्या स्वतःच्या नावावर होता, पुढच्या मे महिन्यापर्यंत पक्का.

दुसरी गोष्ट जागा. वर्गातल्या नऊ साइटसाठी मिळून ताइचुंगच्या एका कंपनीकडे जागा घेतली होती. बाकीच्या आठही साइट मजेत चालू होत्या. न्हाव्याच्या पानावर तर कालचा नवा फोटोही होता.

म्हणजे बिघाड नव्हता. कोणीतरी आत जाऊन एकच खोली रिकामी केली होती.

बाईंनी कंपनीला फोन लावला.

"काल आमच्या खात्यात कोण आलं होतं?"

"माणसाचं नाव नाही कळत, मॅडम," पलीकडचा मुलगा म्हणाला. "तुमची मुख्य चावी वापरलीय, म्हणजे मुख्य पासवर्ड. तुमच्या विद्यालयाच्याच इंटरनेटवरून. आत शिरले दुपारी तीन दहाला."

"आणि पुसलं कधी?"

"पाच चाळीसला."

"अडीच तास काय करत होता?"

"ते नाही दिसत."

"तुम्ही आठवडाभराच्या प्रती ठेवता ना? त्या परत चढवा."

"त्या पण पुसल्यात. चावीवाल्याला पुसता येतात. पाच एकेचाळीसला."

मुख्य चावी तिघांकडे होती. स्वतः बाई. यंत्रं सांभाळणारे जुआंग वेन-पिन, ज्यांना सगळे मास्तर म्हणत. आणि वर्गाचा मॉनिटर शिह चिनफा. प्रत्येकाला वेगळी चावी द्यावी, हा बाईंचा पहिल्या तासाचा पहिला नियम होता. पण म्हाताऱ्यांना लक्षात राहत नाही म्हणून त्यांनीच एक चावी सगळ्यांसाठी ठेवली, आणि वर कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. नियम सांगणाराच नियम मोडतो तेव्हा त्याला 'सोय' म्हणतात.

तासाभरात बाई आणि रुईयिन वर्गात पोचल्या. जूनपासून सुट्टी होती, आता सप्टेंबर संपत आला होता. बाकांवर धूळ होती. मागच्या कपाटात वर्गाचं जुनं यंत्र घरघरत होतं. दर रविवारी ते सगळ्या साइटची प्रत आपोआप घ्यायचं. रुईयिनचा कप्पा तिथेही रिकामा होता.

रुईयिन खुर्चीवर बसली. कालवांच्या शिंपल्यांनी चिरलेले तिचे हात मांडीवर तसेच पडून राहिले.

यंत्रावर खाऊचं हिरवं पाकीट उभं होतं, टम्म फुगलेलं. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून ते ठेवायचं. हिरवंच हवं आणि मुदत उलटलेलं नको, नाहीतर यंत्र रुसतं. सगळ्या बेटावरचे यंत्रवाले हे पाळतात आणि विचारलं तर हसण्यावारी नेतात. बाईंनी पाकीट उलटून पाहिलं. तीन सप्टेंबरला बनलेलं. त्यांनी ते परत जागेवर ठेवलं.

"कपाटाची किल्ली कोणाकडे?" रुईयिननं विचारलं.

"चावी ज्यांच्याकडे त्यांच्याकडेच. चिनफा, मास्तर आणि मी."

"मग झालं! चिनफाच," रुईयिन ताडकन म्हणाली. "गेल्या महिन्यात भर बाजारात ओरडला माझ्यावर."

शिह चिनफाचं कालवांच्या आमलेटचं दुकान देवळासमोर होतं. बाई पोचल्या तेव्हा तो तव्यावर अंडी फोडत होता.

"माझंच नाव घेणार हे माहीत होतं मला!" तो झारा आपटत म्हणाला. "हो, ओरडलो. गिऱ्हाईक फोन दाखवून विचारतं, हे कालव काळ्या पाण्यातलं का? मी काय सांगू?"

"तुझा मेव्हणा कारखान्यात आहे."

"आणि मास्तरांची पोरगी नाही? वसंतात कायम झाली तेव्हा अननसाच्या वड्या तुम्ही पण खाल्ल्यात. या गावात ज्याच्या घरचं कोणी तिथं नाही असं घर दाखवा."

"काल दुपारी कुठे होतास?"

"इथेच. पण तीन ते पाच दुकान बंद असतं, झोपतो. साक्षीदार म्हणाल तर माझं घोरणं."

"चावी वापरलीस कधी?"

चिनफा कसनुसं हसला. "बाई, माझ्या साइटवर अजून दोन वर्षांपूर्वीचं दरपत्रक आहे. बदलायला तुम्हाला तीनदा फोन केला. मी आत शिरून निवडून एकीचंच पुसणार, आणि त्याच्या प्रती कुठे असतात तेही शोधणार? मला ती हिरवी पाकिटंसुद्धा कळत नाहीत. एकदा गमतीत पिवळं ठेवलं, तर मास्तरांनी ते खिडकीतून बाहेर भिरकावलं. पत्र्याच्या डब्याची पूजा करतात लेकाचे!"

त्यानं एक बशी भरून पुढे सरकवली. बाईंनी खाल्लं नाही.

जुआंग मास्तर घरीच होते. वीस वर्षं दोघांनी मिळून हा वर्ग चालवला होता. बाई बोलायच्या, मास्तर दुरुस्त करायचे. 'पुसण्याआधी प्रत घ्या, आणि प्रत उघडून पाहा' हे त्यांचं वाक्य वर्गाच्या भिंतीवर त्यांच्याच अक्षरात लावलेलं होतं.

"वाईट झालं," ते चहा ओतत म्हणाले. "कोणी बाहेरचा शिरला असेल. कागद दाराला चिकटवू नका म्हणून मी सांगत होतो."

"सांगत होतात. तुम्ही शेवटचं कपाट कधी उघडलंत?"

"जूनमध्ये. वर्ग संपला त्या दिवशी. त्यानंतर कंबर धरली, जिना चढवत नाही मला."

"एकदाही नाही?"

"नाही म्हटलं ना, सू-फेन. पोलिसासारखं काय विचारतेस?" मास्तर बाईंना नावानेच हाक मारत.

"सवय नाही मला," बाई म्हणाल्या, "म्हणून नीट जमत नसेल."

चहा कडू झाला होता. त्यांनी तो संपवला.

गुरुवारी दुपारी चार वाजता बाईंनी तिघांना वर्गात बोलावलं. चिनफा ॲप्रन घालूनच आला. मास्तर जिना चढून आले, कठडा धरत. रुईयिन पुढच्या बाकावर बसली होती.

"थोडं बोलते," बाई म्हणाल्या. "मध्ये कोणी बोलू नका, माझा धीर सुटेल.

"पहिली गोष्ट. बाहेरचा चोर नाही. आपल्याच इंटरनेटवरून, आपल्याच चावीने आला. दुसरी गोष्ट. त्याला कंपनीकडच्या प्रती माहीत होत्या, कपाटातली प्रतही माहीत होती. चिनफा, तुला यातलं काही येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते तुझ्या कामी आलं."

"उपकार झाले," चिनफा पुटपुटला.

"तिसरी गोष्ट, अडीच तास. पुसायला मिनिटही लागत नाही. शत्रू असता तर पुसून पळाला असता. हा तीन दहाला शिरला आणि पाच चाळीसला पुसलं. मधल्या वेळात काय केलं? ज्याला पुसण्याआधी प्रत घ्यायची खोड आहे, त्यानं प्रत घेतली. आणि प्रत उघडून पाहायचीही खोड आहे, म्हणून एकेक फोटो उघडून पाहिला. चौदाशे बारा फोटो. तेवढाच वेळ लागतो."

कोणीच भिंतीकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

मास्तर म्हणाले, "हे मी वीस वर्षं सगळ्यांना शिकवलंय. कोणीही करेल."

"बरोबर. एवढ्यावरून मी तुमचं नाव घेतलं नसतं. पण कपाटातलं पाकीट तीन सप्टेंबरला बनलंय, मास्तर. मी बदललं नाही, मी तर विसरलेच होते. चिनफाला त्याची चीड. रुईयिनताईंकडे किल्ली नाही. तुम्ही म्हणालात, जूनपासून कपाट उघडलं नाही. जूनमधलं पाकीट ऑगस्टपर्यंतचं होतं, तुम्हीच मला तारीख दाखवली होतीत. मंगळवारी तुम्ही या बाईचं चार वर्षांचं काम पुसायला आलात, आणि यंत्रावर शिळं पाकीट तुम्हाला बघवलं नाही. येताना नवं विकत घेऊन आलात."

मास्तरांनी चष्मा काढला. तो सदऱ्याच्या टोकाने पुसला.

"कारखान्याचा व्यवस्थापक घरी आला होता," ते शेवटी म्हणाले. "म्हणाला, परवाना अडला तर आधी पोरगी आहे ती प्रयोगशाळा बंद. पोरीनं सहा वर्षं कंत्राटावर काढली, सू-फेन. आत्ता कुठे कायम झाली."

"प्रत कुठे आहे?"

मास्तरांनी चष्मा परत घातला.

"तुमच्याकडे प्रत आहे. तुम्ही प्रत न घेता पुसूच शकत नाही. द्या ती, उद्या दहाला सुनावणी आहे."

"त्यानं मागितली. त्याच संध्याकाळी डिस्क त्याच्या हातात दिली मी."

"दुसरी?"

"एकच केली."

रुईयिन बाकावरून उठली. ती म्हणाली, "मास्तर, पहिला फोटो टाकताना मला डबल क्लिक जमत नव्हतं. तुम्ही माऊसवर माझा हात धरला होतात."

मास्तरांनी मान खाली घातली. खांग बाईंना त्यांची कीव आली आणि किळसही आली, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे त्यांना स्वतःचाच संताप आला. चावी एकच, कपाट एकच, माणूसही एकच. एवढा सगळा भरवसा एका खुंटीला टांगून ठेवला होता त्यांनी.

"उद्या तिथे येऊन हे सांगाल?" त्यांनी विचारलं.

"पोरीची नोकरी जाईल."

"जाईल," रुईयिन म्हणाली. तिच्या आवाजात ना दया होती ना राग.

शुक्रवारी मास्तर आले. त्यांनी आपलं नाव सांगितलं, निवेदनावर सहीच्या जागी आपल्या नावाचा शिक्का उठवला आणि काय केलं ते उभ्यानं सांगितलं. कारखान्याचा वकील म्हणाला, अशी कुठलीही डिस्क आमच्याकडे नाही.

सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाईंनी मास्तरांना विचारलं, "त्या फोटोंत काय होतं, तुम्हाला माहीत आहे?"

"सगळे पाहिलेत मी."

"पाणी काळं होतं?"

"सगळ्यांत नाही. आठवड्यातून एक-दोनदा. बहुतेक सोमवारी. पावसाळ्यात जास्त. दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात सलग नऊ दिवस."

सगळे फोटो एका बैठकीत पाहून हे तारखांसकट सांगू शकणारा माणूस जगात आता तेवढा एकच होता.

अधिकारी बाईंनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, तोंडी सांगणं आणि फोटो यांत फरक असतो. परवाना रद्द करता येणार नाही. दहा वर्षांऐवजी तूर्त सहा महिने. तोवर नवे पुरावे आणा.

सहा महिन्यांत सात ताफ्यांचं काय होणार हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

बाहेर पायऱ्यांवर मास्तर रुईयिनसमोर उभे राहिले. त्यांनी कमरेत वाकून माफी मागितली. कंबर दुखत होती, ते खोटं नव्हतं. ते वाकलेलेच राहिले.

"नऊ दिवस," रुईयिन म्हणाली. "माझे अकरा ताफे मेले ते हेच नऊ दिवस. तुम्हाला ते माहीत होतं, मास्तर. सगळं डोळ्यांनी पाहिलंत, आणि मग पुसलंत."

ती पायऱ्या उतरून बसकडे चालू लागली. ओहोटी दोनला होती, आणि तिला नाल्याच्या तोंडाशी वेळेवर पोचायचं होतं.