मिंडेलोची उजवी लाथ

कोल्हापूरच्या गतिशास्त्र संस्थेत २०५८ च्या मार्चमध्ये फुटबॉलची पदवंशावळ, म्हणजे कुणाची लाथ कुणाकडून आली याचा आलेख, पूर्ण झाली. भिंतभर पडद्यावर ती वडाच्या झाडासारखी पसरली होती. बुंधा इंग्लंडमधल्या शाळांच्या मैदानांवर होता. तिथून खलाशांनी, रेल्वेच्या इंजिनियरांनी आणि पलटणींनी नेलेल्या फांद्या दक्षिण अमेरिकेत, आफ्रिकेत, कोलकात्यात गेल्या होत्या. एक बारीक डहाळी कोल्हापूरच्या तालमींच्या फुटबॉल संघांपर्यंत आली होती.

ऐंशी वर्षांचे दत्ताजी इंगवले ती डहाळी पाहत बसले होते. तालमीचे जुने खेळाडू म्हणून त्यांच्या लाथेची मोजणी घ्यायला डॉ. केतकी सरनोबत यांनी त्यांना बोलावलं होतं. सकाळीच दत्ताजींनी चेंडूला वीस लाथा मारून दाखवल्या होत्या.

"पण पोरी, कुणी कुणाला शिकवलं हे लाथेवरनं कसं कळतं?"

"चुकांवरून, काका. बरोबर लाथ सगळ्यांची सारखीच असते. पण शिकवणाऱ्याची खोड शिकणारा नकळत उचलतो आणि पुढच्याला देतो. जुन्या चित्रफितींतून यंत्र त्या खोडी शोधतं. दोन खोडी जोडीनं, त्याच क्रमानं दिसल्या, तर योगायोग उरत नाही."

"तुमचा डावा पाय लाथेआधी आत वळतो," केतकीचे सहकारी डॉ. इब्राहिम मुजावर म्हणाले. "तुमचा पाय तर धड आहे."

"ते थोरल्याचं. श्रीपतीदादाच्या डाव्या पायाचा अंगठा मोडला होता. त्याचं बघून मी शिकलो."

मग त्यांनी न विचारताच सांगितलं. श्रीपती फौंड्रीतलं काम चुकवून सरावाला जायचा. तेरा वर्षांच्या दत्तानं ते वडिलांना सांगितलं. वडिलांनी भर गल्लीत श्रीपतीला चाबकानं फोडलं. त्याच आठवड्यात तो मुंबईला गेला आणि जहाजावर चढला. पुढं पत्र नाही, निरोप नाही. आई वाट बघत गेली.

"सदुसष्ट वर्षं झाली. चहाडी माझी होती. त्यानं मला टाकलं, ते बरोबरच केलं."

केतकी आणि इब्राहिम यांनी एकमेकांकडे पाहिलं. दुपारपासून त्यांना जे सांगायचं होतं, ते आता सांगणं भाग होतं.

"काका, ही खोड आणखी एका ठिकाणी आहे," केतकी म्हणाली. "आफ्रिकेच्या पश्चिमेला बेटं आहेत. तिथलं मिंडेलो बंदर. २००३ पासूनच्या चित्रफितींत तिथल्या मुलांचा डावा पाय असाच वळतो. त्याआधी एकाचाही नाही."

दत्ताजींनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "म्हणजे दादा तिथं होता? जिता होता?"

"निदान बारा वर्षं तरी. आणि शिकवत होता."

पडद्यावर वाळूचं मैदान आलं. अनवाणी मुलगी धावत आली, पाय वळवला, लाथ मारली. मारताना तिची डावी मूठ कमरेला गेली, जणू चड्डी सावरत होती. तिची चड्डी तर घट्ट होती. मागून आलेल्या मुलानंही मूठ कमरेला नेली. त्यामागच्यानंही.

"हीच दुसरी खोड," इब्राहिम म्हणाले. "आधी वाटलं, तुम्ही दोघांनीही एकाकडूनच उचलली असेल. पण इथल्या तालमींच्या १९९० च्या अंतिम सामन्याची कॅसेट मिळाली. त्यात श्रीपतींचा पाय असाच वळतो, पण दोन्ही हात मोकळे आहेत. एकदाही मूठ कमरेला नाही. आज सकाळी तुमची मात्र वीसच्या वीस वेळा गेली."

दत्ताजी स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत राहिले.

"दादाची जुनी चड्डी घालून खेळायचो मी," ते हळूच म्हणाले. "ढगळ व्हायची. धरावी लागायची. तो हसायचा मला."

"तुम्ही कधी कोल्हापूर सोडलं नाही, तुमची चित्रफीतही नव्हती," केतकी म्हणाली. "मग ती खोड तिथं एकच माणूस नेऊ शकत होता. घर सोडल्यावर ते तुमच्यासारखे खेळायला लागले, काका. तिथल्या पोरांना त्यांनी तुमची लाथ शिकवली."

दत्ताजींनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"किती पोरं अशी खेळत्यात?"

"आजमितीला तीनशे अकरा."

"त्यांना कळवा," ते म्हणाले, "की चड्डी धरायची काही गरज न्हाई." जरा थांबून त्यांनी मान हलवली. "न्हाई, राहू दे. कळवू नका."