एका दाढेची कवळी

ज्या लॅबने मला हाताने कवळ्या करायला परदेशी बोलावलं, तिने मी पोचायच्या आतच कवळ्या बनवणारं यंत्र आणलं होतं. मालकाने ते मला कौतुकाने दाखवलं. यंत्रातले दात रांगेत मांडले होते, सगळे सारखे, बाहुलीलाही न शोभणारे. "तुमची आता गरज नाही," तो गोड हसून म्हणाला. त्याचे स्वतःचे दातही त्यातलेच असावेत.

मी तिथेच राहणाऱ्या ताईकडे राहिलो. भावोजींनी गॅरेजमध्ये टेबल दिलं आणि रोज जेवताना तो उपकार वाढत राहिले. "हाताने दात करायचे दिवस गेले, मेव्हणेबुवा." ज्यांना साधा खिळा सरळ ठोकता येत नाही, त्यांनी हे सांगावं.

शेवटी कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एक काम दिलं. उजवीकडची एकच दाढ, शेजारच्या दाताला तारेची कडी. "पेशंटला पसंत पडली, तर माझं सगळं काम तुम्हाला. नाहीतर राहू द्या." नाहीतर म्हणजे परत जाणं. मोठ्या तोंडाने ज्यांचा निरोप घेतला, त्यांच्यासमोर उभं राहणं.

खोक्यात वरच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा होता. साचा वाचणं अवघड नसतं. आधी दाढा बघायच्या, मग सुळे, मग पुढचे दात. माणूस आपोआप उलगडतो.

"बघ ताई," मी म्हटलं, "दाढा पार झिजल्यात. हा जन्मभर लोकांवर दात खात बसलाय. सुळे मात्र कोरे, म्हणजे चावायची हिंमत नाही. आणि पुढच्या दाताचा कोपरा उडालाय. कुठल्या तरी मूर्खाने दातांनी तार तोडलीय."

ताई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ती तर तुझी खोड."

मी हसलो. ती आत गेल्यावर जीभ पुढच्या दातावर फिरवली.

मग मेण गरम करून स्वतःच्या जबड्याचा ठसा घेतला आणि साच्यावर ठेवला. खाच खाचेत बसली. फरक एकच होता. साच्यात उजवी दाढ नव्हती. माझी होती, चांगली घट्ट.

योगायोग. माणसांचे जबडे असतात तरी किती वेगळे? मी कवळी पुरी केली आणि नेऊन दिली.

पुढच्या आठवड्यात पाव खाताना माझी उजवी दाढ हातात आली. दुखलं नाही. रक्त नाही. हिरडी गुळगुळीत होती, दाढ पडून वर्षं झाल्यासारखी.

मी दवाखान्यात गेलो, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कपाटातून डबी काढली. "पसंत पडली. त्यांनी वापरून बघितली आणि काल परत आणून दिली. म्हणाले, बसते, आता ज्याची त्याला द्या."

"कोण आहेत ते?"

"वयस्कर आहेत. बोलत नाहीत फारसे. तोंड वाकडं करून माझ्या हातांकडे बघत बसतात, तुम्ही बघता तसे." त्यांनी एक खोकं पुढे सरकवलं. "पुढचं काम. त्यांचंच."

गॅरेजमध्ये येऊन खोकं उघडलं. तोच जबडा. बाकी सगळे दात गेलेले, पुढचा तुटका तेवढा उभा होता.

भावोजींनी दारातून विचारलं, "मिळालं का काम?"

"मिळालं."

ते गेले. मी डबी उघडून कवळी तोंडात घातली. पहिल्याच प्रयत्नात बसली.

रात्रभर कपाटात होती ती. तरी कोमट होती.