थंडोबाची खंडेनवमी

केतकीचे आबा दरवर्षी खंडेनवमीला एका टाकीशी बोलायचे.

टाकी म्हणजे गच्चीवरची पाण्याची नव्हे. चकचकीत पोलादाची, आबांच्या छातीपर्यंत येणारी, झाकण उघडलं की पांढरी वाफ सोडणारी टाकी. आबा तिच्यासमोर उभे राहायचे, चष्मा पुसायचे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची चौकशी करावी तसं सहज विचारायचे, "काय, कसे आहात सगळे?"

टाकी अर्थातच उत्तर द्यायची नाही. तरी आबांचं समाधान व्हायचं. डॉ. हेमंत शिरोळकर म्हणजे एवढे मोठे शास्त्रज्ञ, आणि ते पोलादाशी गप्पा मारतात, हे कोडं केतकीला पहिलीपासून पडलं होतं. आईला विचारलं की आई म्हणायची, "आबांनाच विचार." आणि आबा म्हणायचे, "मोठी झालीस की सांगेन." या वाक्याचा केतकीला मनस्वी राग होता. आता ती सहावीत होती, आणि आणखी किती मोठं व्हायचं असतं हे तिला कोणी सांगत नव्हतं.

या वर्षी टाकीकडे जाताना तिने मिरजेच्या बसमध्येच विषय काढला. बस विनाचालक होती. छतातून एक गोड आवाज सारखा म्हणत होता, "कृपया पुढे सरका."

"आमच्या वेळी कंडक्टर दोरी ओढायचा. टिंग टिंग!" आबा म्हणाले. "खेकसायचा आमच्यावर, पण आवाज माणसाचा होता."

"आबा, विषय बदलू नका. टाकीत कोण आहे?"

आबांनी बाहेरच्या उसाकडे पाहिलं. आणि काय आश्चर्य, या वेळी त्यांनी सरळ उत्तर दिलं.

"तुझी आजी आहे. म्हणजे तिचा एक तुकडा. तांदळाच्या दाण्याएवढा."

रोहिणीआजी केतकीच्या जन्माआधीच गेली होती. केतकीकडे तिचा एक फोटो होता आणि आईने सांगितलेल्या चार गोष्टी. बाकी काही नव्हतं. आणि आता हे!

आबा सावकाश सांगू लागले. आजीला स्वादुपिंडाचा (जठराच्या मागे असणाऱ्या, अन्न पचवणारे रस तयार करणाऱ्या अवयवाचा) कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया करून बिघडलेला भाग काढला. असा भाग तपासून झाला की नष्ट करतात. पण आजीने त्यातला थोडासा ऊतकपेढीला दिला. ऊतक म्हणजे एकसारखं काम करणाऱ्या पेशींचा समूह. अशी ऊतकं जपून ठेवायची आणि संशोधनासाठी द्यायची, हे पेढीचं काम.

"मला बघायचाय तो तुकडा," केतकी म्हणाली.

"मलाही बघायचाय गं. पण तो कुठल्या नळीत आहे, ते मला माहीत नाही."

"पेढी तर तुम्हीच काढलीत ना!"

"म्हणूनच माहीत नाही." आबा हसले, पण ते हसू काही फार टिकलं नाही. "आणि ऐक. आज पहिल्या वर्षीच्या, याच रोगाच्या नळ्या बाहेर काढणार आहेत. पुण्याच्या एका गटाला हा रोग फार लवकर, पोटात दुखायच्याही आधी ओळखायचाय. त्यांच्या प्रयोगांत ती ऊतकं वापरून संपतील."

"संपतील? म्हणजे आजीचा तुकडासुद्धा?"

"हो."

"नाही म्हणता येत नाही?"

"येतं. नातेवाइकांना तो हक्क आहे. आपल्या नसीमला एक शब्द सांगितला की तेवढी नळी ती बाजूला काढायला लावेल."

"मग सांगा ना!"

आबा म्हणाले, "महिनाभर तेच घोळतंय डोक्यात."

पेढीच्या दारात नसीममावशी उभ्याच होत्या. त्या तिथल्या संकेतपाल (कोणाचा क्रमांक कोणता, हे गुपित जपणारी व्यक्ती). आबांनी पेढी सुरू केली तेव्हा त्या नुकत्याच कॉलेजातून बाहेर पडल्या होत्या. आता केस पिकले तरी आबांना त्या अजून "सर" म्हणायच्या.

"मावशी, तुम्हाला माहितीये ना आजीची नळी कुठली?" केतकीने चप्पल काढता काढताच विचारलं.

"माहितीये की," मावशी म्हणाल्या.

"मग सांगा!"

"अगं, ते न सांगण्यासाठीच तर मला इथं बसवलंय तुझ्या आबांनी."

केतकीचा चेहरा पाहून मावशींनी तिला बाकावर बसवलं आणि समजावलं. ऊतक आलं की त्याच्यावरचं नाव काढून टाकतात आणि क्रमांक देतात. म्हणजे शेजारपाजारच्यांना, ओळखीपाळखीच्यांना कोणाला काय आजार होता हे कधी कळत नाही. पण क्रमांकासोबत त्या माणसाचं वय, रोग, औषधं आणि पुढे काय झालं, ही सगळी हकिकत असते. नाव गेलं तरी संशोधकाचं काही अडत नाही. क्रमांक हरवला तर मात्र हकिकत हरवते, आणि मग ऊतक असून नसल्यासारखं. क्रमांक आणि नाव यांची जोडी फक्त मावशींकडे. आणि मावशींनी टाकीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. ज्याला नावं माहीत त्याने नळ्यांना हात लावायचा नाही आणि जो नळ्या हाताळतो त्याला नावं माहीत नसावीत, हा आबांचा नियम.

"तुझ्या आबांनी स्वतःलाच कुलूप लावून किल्ली माझ्याकडे दिली," मावशी म्हणाल्या.

टाकीच्या खोलीत पूजेची तयारी झाली होती. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा करतात, तशी इथेही. तबकात हळदकुंकू, झेंडूची फुलं, आणि समोर थंडोबा! थंडोबा म्हणजे नळ्या काढणारा-ठेवणारा यंत्रमानव. छताला टांगलेला एकच लांब हात, त्याला तीन बोटं, आणि चाल अशी संथ की बघणाऱ्याला जांभई यावी. म्हणून हे नाव.

"नमस्कार, केतकी," थंडोबा म्हणाला. "माझी पूजा चालू स्थितीत करावी. मला बंद करू नये."

"दरवर्षी हे का म्हणतो हा?"

आबा खुदकन हसले. "त्यामागे एक गोष्ट आहे. पेढीचं पहिलंच वर्ष. तेव्हा थंडोबा नव्हता, या टाक्या नव्हत्या. विजेवर चालणारा एक शीतपेटारा होता, शून्याखाली ऐंशी अंशांचा. घरघर अशी, की शेजारच्या खोलीत बोलणं ऐकू यायचं नाही. नामदेव म्हणून एक उमदा गडी होता आमच्याकडे, इचलकरंजीच्या मागावर काम करून आलेला. खंडेनवमीला त्याने पेटाऱ्याला हार घातला, कुंकू लावलं, नारळ फोडला. आणि बटण बंद केलं!"

"बंद? का?"

"मागावर तशीच रीत होती. पूजेच्या दिवशी यंत्राला विश्रांती. धोक्याची घंटा वाजायला लागली, तर तीही याने बंद केली. सणासुदीला कशाला कोकलतंय, म्हणून. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला तुझी आजी सोनं द्यायला आली."

"आजी इथे काय करायची?"

"ऊतक मागायचं अवघड काम तीच करायची. रुग्णाच्या खाटेवर बसायची, सगळं नीट समजावून सांगायची, आणि हो म्हणालं तरच पुढे. नाही म्हणालं तरी त्याच प्रेमाने डोक्यावरून हात फिरवायची. तर ती दारात आली आणि थबकली. म्हणाली, अहो, एवढं शांत कसं इथं?"

"म्हणजे पेटारा बंदच होता!" केतकी म्हणाली.

"वरच्या कप्प्यातली ऊतकं बिघडली होती. फ्रीजरमधले मटार एकदा विरघळले आणि पुन्हा गोठवले तर कसे पचपचीत होतात? तसंच. पेशींमधलं पाणी विरघळून हळूहळू पुन्हा गोठलं की त्याचे स्फटिक होतात आणि पेशी फाटते. आतले नाजूक रासायनिक निरोप तर नुसत्या उबेनेच पुसले जातात. नामदेव ढसाढसा रडला. म्हणाला, 'म्या तर मशीनला एक दिस इसावा दिला हो, सर!' मी चिडलो होतो. तुझी आजी मात्र त्याच्या हातावर सोनं ठेवून म्हणाली, 'नामदेवभाऊ, यंत्राला विसावा द्यायचा असतो, पण ही माणसं आहेत. त्यांना विसावा नाही चालत.'"

त्यानंतर पेढीत सगळं बदललं. प्रत्येक ऊतकाचे दोन भाग करून दोन ठिकाणी ठेवू लागले. आणि द्रवरूप नायट्रोजनच्या (अतिशय थंड करून पातळ केलेल्या, हवेतल्याच एका वायूच्या) टाक्या आल्या. शून्याखाली जवळजवळ दोनशे अंश! वीज गेली तरी कितीतरी दिवस थंड राहणाऱ्या.

"आणि आजीची नळी?"

"ती नंतरची. दिवाळीनंतर तिचा आजार कळला. इतके दिवस दुसऱ्यांना समजावणारी, मग तिची पाळी आली. नसीमने विचारलं, रोहिणीताई, द्याल का? तर म्हणाली, 'देते की. पण मला ठेवणीतल्या साडीसारखं कपाटात ठेवून नुसतं बघत बसू नका. वेळ आली की घडी मोडा.'"

आबांनी चष्मा काढून पुसला. "दुसरा भाग मागेच एका संशोधनात संपला. हा शेवटचा. आणि ऐन वेळी मलाच घडी मोडवत नाहीये, केतकी."

दाराच्या उंबऱ्याबाहेरून मावशी हळूच म्हणाल्या, "सर, टाकी उघडायची वेळ झाली. काही सांगायचंय का मला?"

आबांनी केतकीकडे पाहिलं. केतकीला वाटत होतं, ओरडून सांगावं, 'बाजूला काढा!' तिला आजी कधी मिळालीच नव्हती, आणि आता मिळाली ती तांदळाएवढी, तीही जाणार. हे काही बरोबर नव्हतं.

"आबा, एक नळी काढली तर पुण्याचं काम अडेल?"

"नाही अडणार," आबा म्हणाले. "खोटं कशाला बोलू?"

"आणि बाकीच्या नळ्या?"

"त्याही कोणाच्या तरी आजीच्या, कोणाच्या वडिलांच्या. जुन्या नळ्यांचंच तर मोल. नंतर काय काय झालं, ती सगळी हकिकत त्यांच्यासोबत आहे. प्रत्येक घरातल्या केतकीने आपली तेवढी बाजूला काढली, तर टाकी भरलेली राहील आणि कोणाचीच आजी वाचणार नाही."

केतकीने तबक उचललं. तिचे डोळे वाहत होते आणि तिने ते पुसलेही नाहीत. तिने थंडोबाच्या पोलादी बोटांना हळदकुंकू लावलं, वर एक फूल ठेवलं.

"थंडोबा," ती म्हणाली, "घडी मोड."

"समजले नाही," थंडोबा म्हणाला.

"अरे, नळ्या काढ! आजीची राहू दे त्यांच्यातच."

आबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. झाकण उघडलं, वाफ जमिनीवर उतरली. थंडोबा आपल्या संथ चालीने एकेक नळी काढून प्रवासाच्या डब्यात ठेवू लागला. निर्णय झाला होता, पण उत्सुकता काही कोणाच्या बापाचं ऐकत नाही. केतकीला एकदम सुचलं, मावशींना तर माहीत आहे! आजीची नळी वर आली की त्यांचा चेहरा बदलेलच. तिने पटकन उंबऱ्याकडे पाहिलं.

नसीममावशी पाठ करून उभ्या होत्या. पदर तोंडाला लावून, भिंतीकडे बघत.

तेव्हा केतकीला सगळं एकदम उमगलं. आबा टाकीला 'कशी आहेस' असं कधीच का म्हणत नव्हते, तेही. आजी कुठली हे ठाऊक नव्हतं, म्हणून ते सगळ्यांचीच चौकशी करत होते. आज त्या नळ्यांमध्ये केतकीच्या आजीएवढ्या लाडक्या कितीतरी आज्या होत्या, आणि केतकीला त्या सगळ्याच आपल्या वाटल्या.

डबा बंद झाला. गाडी दाराशी लागली. आबा अजून चष्माच पुसत होते, म्हणून केतकीच पुढे झाली आणि डब्यावर हात ठेवून, घरातून निघालेल्या पाहुण्यांना सांगावं तसं म्हणाली, "नीट जा हं सगळे. आणि पोचल्यावर कळवा."