सोंगटी उचलण्याआधीचा श्वास

दुपारी पहिल्या भागाचं मिक्सिंग ऐकायला ती स्टुडिओत गेली, तेव्हा तिच्या मनात भीती नव्हती. होता तो निव्वळ संताप.

परदेशात शिकून ती परतली होती ती एकाच ध्यासानं: परक्या मालिका आपल्या भाषेत अशा आणायच्या, की त्या आणलेल्या वाटूच नयेत. हे वेड मावशीनं लावलेलं. चार मुली, एक टेबल आणि माहजाँग या चिनी खेळाच्या सोंगट्या, एवढ्यावर चाललेल्या त्या जुन्या अॅनिमेत, म्हणजे जपानी कार्टून मालिकेत, मराठीत नायिकेला मावशीचा आवाज होता. नायिकेची अद्भुत शक्ती म्हणजे तरी काय? पालथी सोंगटी बोटानं ओळखायची. पण उचलण्याआधी मावशी असा काही श्वास घ्यायची, की डाव जमणार की फसणार, ते घरात बसलेल्या पोरांना कळायचं.

आता त्याच मालिकेचं हे नवं पिल्लू. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! सोंगट्यांना आगी लागत होत्या, डोळ्यांतून विजा पडत होत्या आणि डोकं कुणीच चालवत नव्हतं.

मावशी गेल्या वर्षी दम्यानं गेली होती. स्टुडिओच्या मालकानं तिच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून यंत्राकडून तिचा आवाज बनवून घेतला. मावशीनं कागदोपत्री वारस म्हणून भाचीलाच नेमलं होतं, म्हणून परवानगीची सही भाचीची. ‘संवाद तुम्ही म्हणाल तसे,’ असं मालक म्हणाला आणि ती भाळली. आई तेव्हा एवढंच बोलली होती, “माझ्या बहिणीला आता तरी गप्प बसू दे गं.”

संवाद अर्थातच मालक म्हणाला तसे झाले.

“बुवा, श्वास कापायचे राहिले का?” तिनं ध्वनिमुद्रकाला विचारलं. त्याला सगळे बुवाच म्हणत.

“एकूण एक कापले, ताई. मालक म्हणाले, श्वासात वेळ फुकट जातो.”

“मग हा?”

पडद्यावर नायिकेचा हात सोंगटीकडे गेला. कुणीतरी हळूच श्वास आत घेतला. नायिकेनं सोंगटी टाकली, वीज कडाडली. दुसरी उचलताना पुन्हा श्वास. आधीचा बाहेर न सोडताच. मग त्यावर तिसरा. चौथ्याला छातीत बारीक शीळ वाजली. ती शीळ तिनं मावशीच्या उशाशी बसून ऐकली होती.

बुवानं यंत्राचा आवाज बंद केला. संगीत बंद केलं. शेवटी चित्रही थांबवलं. श्वास चालूच.

“ताई... हा मुद्रणातला नाही. बूथमधला माईक चालू आहे.”

काचेपलीकडचा बूथ रिकामा होता. मावशी छातीला चोळायची त्या औषधी मलमाचा उग्र वास खोलीत पसरला.

तेवढ्यात मालक आत आला. त्याला ना वास आला, ना काही ऐकू आलं.

“मावशीचा आवाज काढून टाका,” ती म्हणाली. “मी सही मागे घेते.”

“आता? अहो, मेलेल्या माणसाला रीटेक लागत नाही, चहा लागत नाही. एवढी गुणी कलाकार मी सोडू?”

“मी म्हणते संवाद. सगळे. आत्ता. फुकट.”

मालक हसला. “फुकट म्हणताय, तर म्हणा बापड्या. जमलं तर तुमचं ठेवू.”

ती बूथमध्ये शिरली. हवा कोंदट होती, भरगच्च सभागृहात असावी तशी. तिनं हेडफोन चढवले आणि पुटपुटली, “मावशी, सोड आता. मी आहे ना.”

छातीतली ती शीळ थांबली. वासही विरला.

मग ती जीव ओतून बोलली. त्या टुकार वाक्यांतही तिनं प्राण फुंकले. प्रत्येक सोंगटीआधी, मावशीसारखा, खोल श्वास घेतला. शेवटचं वाक्य संपलं तेव्हा काचेपलीकडे मालक चक्क टाळ्या वाजवत होता.

“हेच ठेवू! यंत्राचं पुसा, बुवा.”

बुवानं पुसलं. हायसं वाटून ती हेडफोन काढणार, तोच कानात त्याचा आवाज आला.

“ताई... मुद्रण झकास आहे. फक्त...”

“काय?”

“तुमचा श्वास कुठेच नाही. मी काही कापलेलं नाही... पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही नाही.”

तिनं छातीवर हात ठेवला. छाती वर-खाली होत नव्हती. काचेपलीकडे, बुवासमोरचा आवाज मोजणारा काटा मात्र संथपणे वर जात होता, खाली येत होता. आत, बाहेर. आत, बाहेर. अगदी निवांत.